टेबलाखालचा तारा

"आत्या, तू उपदेश करायला लागलीस की मागच्या बाकांवरचे सगळे डुलक्या घेतात, हे तुला माहितेय?"

विचारून टाकलं! भिंगरीने दाराआड लपलेल्या पेन्सिल आणि टिवटिवकडे विजयी नजर टाकली. 'विचारून दाखव, मग मानू तुला!' असं दोघांनी सकाळपासून तिला डिवचलं होतं. पेन्सिल म्हणजे शेजारचा उंच, काटकुळा मुलगा. टिवटिव त्याची बहीण. तिची टकळी झोपेतसुद्धा चालू असायची.

आत्या गावातल्या चर्चची पाळक होती. ती मुळीच रागावली नाही. हातातली इस्त्री तिने उभी करून ठेवली.

"ऐकू येत नाही म्हणून झोपतात गं. रविवारी बैठक आहे. हे चर्च बंद करायचं, बाजारातल्या सभागृहात उपासना न्यायची आणि मोठ्या आवाजाचा पाळक आणायचा, असं घाटतंय."

"आणि तू?"

"बघू. तुझे आजोबा इथे पाळक होते, तेव्हा त्यांचा आवाज म्हणे शेवटच्या बाकापर्यंत जायचा. माझा आपला तिसऱ्या बाकाशीच दमतो."

भिंगरीची सगळी ऐट उतरली. आत्या इथून गेली, तर सुट्टीत यायचं कुणाकडे?

तिघं चर्चच्या मागच्या खोलीत टेबल टेनिस खेळायला गेली. या खोलीला जुन्या लाकडाचा आणि खडूचा वास होता. दाराच्या चौकटीवर बाबांच्या आणि आत्याच्या उंचीच्या खुणा अजून होत्या. बाबा इतके बुटके होते, हे बघून भिंगरीला दरवेळी हसू यायचं. आज आलं नाही.

टेबल होतं आठ कोनांचं. उपासना संपली की त्यावर चहा मांडायचे. एरवी त्यावर मुलांचं राज्य!

"गेला चेंडू! आण आता," टिवटिव म्हणाली.

भिंगरी टेबलाखाली सरपटली, वळून उताणी झाली आणि ओरडलीच, "अरे, इथे तारा आहे!"

"दिवसाढवळ्या तारे दिसायला लागले हिला!" पेन्सिल खदाखदा हसला.

पण खरंच तारा होता! निळ्या रंगावर पिवळा, चांगला परातीएवढा. मधोमध लाकडी खुंटीने बुजवलेलं आरपार भोक. टेबलाचे पाय मात्र वेगळ्याच लाकडाचे, ताऱ्याच्या टोकांवरच खिळे ठोकून बसवलेले.

"टेबलाच्या पोटाला कुणी रंग देतं का?" टिवटिव म्हणाली.

"लोकांना ते दिसत असेल तर देतील ना!" भिंगरी ताडकन उठली. डोकं आपटलं, तिकडे लक्षच नाही. "म्हणजे ते वर होतं! चला!"

तिघं चर्चमध्ये धावली. इथे ना मूर्ती, ना चित्र. पांढऱ्या भिंती, साध्या काचेच्या उंच खिडक्या. लांब भिंतीच्या मधोमध उंच पुलपीट. त्यात उभं राहून पाळक उपदेश करतात. तीन बाजूंनी बाकं, वर लाकडी सज्जा. 'बांधणाऱ्यांना बघण्यापेक्षा ऐकणं मोलाचं वाटायचं, म्हणून कुठेही बसा, पाळक जवळच!' असं आत्या नेहमी सांगायची.

"ऐकण्यासाठी बांधलेल्या घरात ऐकू येत नाही? काहीतरी चुकतंय," भिंगरी म्हणाली.

"पुलपीटचे कोन मोज!" टिवटिव ओरडली. पुलपीटही आठ कोनांचं! आणि त्याच्या बरोब्बर वर, तुळईत, एक रिकामा हूक!

"हे टेबल नाहीच! हे पुलपीटचं छप्पर!" पेन्सिल म्हणाला. "ते नाही, म्हणून आवाज उंच छताकडे पळतो. याला आपटून तो खाली लोकांकडे यायचा!"

चर्चच्या मंडळीचे अध्यक्षकाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. भिंगरीने त्यांना गाठून छपराबद्दल विचारलं.

"ते होय? रंगकामाच्या वेळी आम्हीच उतरवलं. तुझे आजोबा निवृत्त झाले ना, त्याच वर्षी. मग म्हटलं, धूळच खातंय, पाय लावू. चहाची काय झकास सोय झाली!"

"परत टांगा ना, काका!"

"अगं वेडे, फळीने कुठे आवाज वाढतो? माईक आहे की!"

माईक होता खरा. पण तो लावला की भिंतींवर आपटून एकेका वाक्याची तीन वाक्यं व्हायची!

शनिवारी दुपारी आत्याची परवानगी काढून भिंगरीने व्हॉलीबॉल खेळणाऱ्या दादालोकांना बोलावलं. पाय काढले, खुंटी काढून भोकातून जाड दोर ओवला, खाली गाठ मारली, आणि "हेईशा!" करत छप्पर वर गेलं.

रविवारी भिंगरीला सुट्टीतल्या शिबिरासाठी घरी न्यायला आईबाबाही आले. अध्यक्षकाका शेवटच्या बाकावर टेकले आणि वर बघून दचकले.

"चहाचं टेबल वर कुणी टांगलं? आता चहा काय डोक्यावर ठेवायचा?"

सगळे हसले. पुलपीटमधून आत्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "काका, बैठक किती वाजता ठेवलीय?"

"उपासना झाल्या झाल्या!" काका मागून उत्तरले.

भिंगरीने टुणकन उठून माईकची वायर उंच धरली. "काका, माईक बंद आहे!"

काकांनी आधी वायरकडे, मग वर छपराकडे पाहिलं.

बाबा मात्र मान वर करून ताऱ्याकडे बघत होते. "तू तेव्हा पाळण्यात होतीस. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी हाच तारा बघत झोपायचो," ते हळूच आत्याला म्हणाले. "पुढे बरोबरची मुलं म्हणायची, आपल्या चर्चमध्ये चित्र नसतं, तारा कुठून येणार? मला वाटायचं, स्वप्नच पडलं असेल. आणि आपल्या बाबांचा आवाज! घरी जेवायला हाक मारली, तरी अंगणात ऐकू यायची नाही."

"म्हणजे माझ्यासारखाच," आत्या म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं.

"चूक आमचीच," अध्यक्षकाका उठून उभे राहिले. "बैठक रद्द. पाळक इथेच, चर्च इथेच! आणि या तिघांना शाबासकी. आम्ही इतकी वर्षं त्यावर चहा प्यालो, पण खाली वाकून कुणी बघितलं नाही!"

टाळ्या थांबल्यावर भिंगरी आईबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी आज तुमच्याबरोबर परत येत नाहीये. शिबिरालाही जाणार नाही. दोराच्या जागी साखळी बसवायचीय, ताऱ्यातली खिळ्यांची भोकं बुजवायचीयेत, निळा रंग शोधायचाय. सुट्टी संपेपर्यंत मी इथेच राहणार."

"हे तू विचारतेयस का?" आईने भुवया उंचावल्या.

"नाही, आई. सांगतेय!"