कोऱ्या क्रमांकाचा काउंटर

या, असे जवळ सरकून बसा. एका माउलीची आणि तिच्या लेकीची गोष्ट सांगतो. भीती वाटली तर देवाचं नाव घ्या. मीही ते घेतच सांगणार आहे.

लेक कर्नलचं काम करायची. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी. प्रोसेसरच्या पोटात काउंटर असतात. किती आज्ञा पाळल्या, किती वेळ नुसतीच वाट पाहिली, सगळं ते मोजतात. पण दर जातीच्या प्रोसेसरचे काउंटर वेगळे, म्हणून कर्नलला ते नव्यानं वाचायला शिकवावं लागतं. नव्या प्रोसेसरचा हिरवा बोर्ड तिनं घरीच आणला होता, आईच्या खाटेशेजारच्या टेबलावर. डॉक्टरांनी हात टेकले होते. "आता जवळ बसा," एवढंच म्हणाले होते.

"जेवलीस का?" आईनं धापा टाकत विचारलं.

"जेवते गं."

"आधी त्या हिरव्या पट्टीला वाढ. जावई म्हणून तेवढाच दिसतोय माझ्या नशिबात."

लेक हसली आणि पडद्याकडे वळली. प्रोसेसर निजवलेला होता. काम कसलंच नव्हतं, म्हणून सगळे काउंटर थांबलेले. एक सोडून. तो सावकाश, एकेकानं पुढे सरकत होता.

तिनं कामावरच्या सरांना फोन लावून त्या काउंटरचा क्रमांक सांगितला.

"जुन्या प्रोसेसरच्या काउंटरांचा तक्ता तसाच चिकटवलास ना?" सर म्हणाले. "नव्या पुस्तिकेत हा क्रमांक कोरा सोडलाय. तो काहीच मोजत नाही, बाई. काढून टाक."

"मोजतोय, सर."

"काय मोजतोय?"

तेवढ्यात आईला ठसका लागला. श्वास अडकला. आकडाही अडकला. ठसका ओसरला, आईनं श्वास ओढला, आणि आकडा एकानं सरकला.

लेकीनं फोन ठेवला. काउंटरलाही मर्यादा असते. काठोकाठ भरला की तो पुढे मोजू शकत नाही. हा काठाला आला होता. बोटांवर मोजावी इतकीच जागा उरली होती.

आईची छाती वर आली. एक गेला.

"देवा, नको रे. एवढी एक आईच आहे मला."

मग तिला सुचलं, काउंटरमध्ये आकडा लिहिताही येतो. ते तर तिनंच कर्नलला शिकवलं होतं. पण कोणता लिहायचा? थोडा मागचा? किती मागचा?

आणखी एक गेला.

विचाराला सवड नव्हती. काम नव्यानं सुरू करताना जो लिहितात, तोच हाताच्या सवयीचा.

तिनं शून्य लिहिलं.

आईचा श्वास थांबला. मग त्या वाळलेल्या गळ्यातून बारीक, कोवळा टाहो फुटला.

नंतर सगळं शांत. धाप नाही, घरघर नाही. पडद्यावर एक. दोन.

"आई? आई, मी गं."

आईचे डोळे खिडकीच्या उजेडावर फिरत राहिले. लेकीनं तळव्यावर बोट ठेवलं, तर मूठ घट्ट मिटली. आणि ओठ, काहीतरी शोधत, हळूहळू लेकीच्या छातीकडे वळले.

उद्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या लेकीला आठवा. तिला आठवणारं घरात आता कुणी नाही.