ठाऊक नाही म्हणणारा डॉक्टर

भोरच्या एसटी स्टँडवर चालता चालता खातूनबी मटकन खाली बसल्या. पायाचं प्लास्टर आदल्याच दिवशी काढलेलं, हिर्डोशीची गाडी समोर लागलेली... आणि श्वासच पुरेना. त्यांची लेक सकिना घाबरून वारा घालू लागली.

"जरा बघू," म्हणत पुण्याच्या रांगेतून एक तरुण पुढे आला. त्यानं नाडी धरली, सुजलेली पोटरी चाचपली. "मी जलील, शिवऱ्याचा. पुण्यात इस्पितळात डॉक्टर आहे. यांना आत्ताच न्यायला हवं."

सकिना हिर्डोशीच्या शाळेत शिकवायची. कुणाच्या सांगण्यावर हलणारी नव्हती. पण त्याच्या डोळ्यांत असं काही होतं, की त्यानं ठरवलेल्या भाड्याच्या मोटारीत ती अम्माला घेऊन निमूट बसली.

पुण्यात छातीचा एक्स-रे निघाला. साफ.

"मग अम्माला दम का लागतोय?" तिनं विचारलं. व्हरांड्यात पावसाचे तुषार येत होते. तो वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला, तिच्या अंगावर येऊ नयेत म्हणून.

"पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकली असावी. साध्या फोटोत ती दिसेलच असं नाही. स्कॅन केला तर दंडात एक सुई, बस. रक्त पोचतं तिथं उजेड, पोचत नाही तिथं अंधार. पण कधी कधी उत्तर अर्धवट येतं. दुसरी तपासणी म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयातून पुढे नेऊन औषध सोडायचं आणि भराभर फोटो काढायचे. त्यात गाठ थेट दिसते, पण... जिवाला थोडा धोका आहे."

"तुमची अम्मा असती तर?"

"आधी स्कॅन केला असता."

मोठ्या डॉक्टरांना नळीच घालायची होती. जलील अदबीनं, पण हट्टानं भांडला. सकिना दाराआडून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो आला तो मान खाली घालूनच. "सकिनाबाई, अंधार दिसतोय. पण चुलीच्या धुरानं अम्मांची छाती आधीच खराब आहे, त्यानंही असं दिसतं. गाठ आहे की नाही... मला ठाऊक नाही. रक्त पातळ करायचं इंजेक्शन नुसत्या अंदाजावर चालू ठेवावं, तर त्यांच्या पोटात जुना व्रण, तो वाहू लागायचा. मोठे डॉक्टर म्हणत होते तेच करावं लागेल."

काल एवढा भांडलेला माणूस आज सरळ असं सांगतो... तिनं आजवर पाहिलेल्या पुरुषांत एकालाही हे जमलं नव्हतं.

"तुम्ही आत असाल?"

"त्यांचा हात धरून."

"मग करा."

बाहेरच्या बाकावर ती ओढणीचं टोक पिळत बसली. दार उघडलं तेव्हा त्याचा सदरा घामानं चिंब होता.

"सापडली. उजवीकडे, चांगली मोठी. आता इंजेक्शन द्यायचं ते खात्रीनं."

"अम्मा कशी आहे?"

"विचारत होत्या, पोराचं लगीन झालंय का म्हणून."

तिला रडू येत होतं, तरी हसूच आलं. "मग काय सांगितलंत?"

"न्हाई म्हनलं." शिवऱ्याची बोली त्याच्या तोंडून नकळत निसटली, आणि कानाची पाळी लाल झाली.

खातूनबी हिंडत्याफिरत्या झाल्या. निघायच्या दिवशी तो स्वारगेटला आला. दोघींना जागा धरून दिली आणि खिडकीखाली उभा राहिला.

"डॉक्टर," सकिनाच म्हणाली, "मला अब्बा नाहीत. तुमच्या घरी बोलायला कुणी जायचं... मीच जाऊ?"

"नको नको, माझी आई येईल. पण तुम्ही हो म्हणाल हे कळल्याशिवाय तिला एवढ्या डोंगरात कशी पाठवू?"

"म्हणेन," ती म्हणाली.

कंडक्टरनं घंटी दिली. खातूनबींनी तिला कोपरानं ढोसलं. "काय म्हनला गं?"

"त्यांची आई येणार आहे."

"कवा?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं. गाडी हलली तशी सकिना खिडकीतून निम्मी बाहेर वाकली. "लवकर पाठवा! पाऊस वाढला की आमच्याकडे एसटी येत नाही."

"मग चालत येऊ," तो म्हणाला, आणि पावसात भिजत फाटकापर्यंत गाडीच्या बरोबरीनं चालत राहिला.