शेवटून दुसरं प्रकरण

"'हॅनानं पडदा सारला. अंगणात घोड्यावर तो परका—'"

टँग.

"'—तो परका तरुण थंडीनं कुडकुडत—'"

टँग. टँग.

कोरलिननं पुस्तकात बोट घातलं आणि मान वळवली. प्रार्थनाघराच्या मागच्या दालनात, कोपऱ्यातल्या जुन्या पियानोचं पोट उघडून एक उंच माणूस वाकला होता आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होता.

"अहो, जरा थांबाल का? इथं एक माणूस घोड्यावरून उतरतोय."

"उतरू द्या की मग लवकर," तो वर न बघता म्हणाला. "मला हा सूर लावायचाय. शांत असल्याशिवाय लागत नाही."

"आम्ही दर मंगळवारी इथंच असतो."

"आणि मला मंगळवारीच बोलावलंय."

गोधडीच्या चौकटीभोवती बसलेल्या बायकांच्या सुया थांबल्या. गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, तिची गोधडी शिवायची होती. बायका टाके घालायच्या आणि कोरलिन वाचायची, कारण तिचा आवाज गोड होता आणि टाके मात्र कुत्र्यानं कुरतडल्यासारखे पडायचे.

शेवटी लारूमावशीनं निवाडा दिला. "आम्ही सुया ओवू तेव्हा तू तुझं टँगटँग कर. ती वाचेल तेव्हा आतली लाकडं घासत बस. काय नाव तुझं?"

"एमेट ट्रेगिअर."

"आपल्या पंथातला नाहीस."

"नाही, मावशी. माँटानाचा. आमच्या सगळ्या पिढ्या खाणीत राबल्या. मी एकटाच वर राहिलो."

त्यानं आता कुठे मान वर केली. डोळे करडे होते आणि हसू डोळ्यांतूनच सुरू होत होतं. कोरलिनची ओळ चुकली. तिनं तीच ओळ दोनदा वाचली.

एका दिवसाचं काम होतं ते. पण पुढच्या मंगळवारी एमेटला पियानोत हातोड्यांवरचा, उंदरांनी खाल्लेला लोकरीचा नमदा सापडला, त्याच्या पुढच्या मंगळवारी एक सैल खिळा. बाहेर सानपीट खोऱ्यातल्या डोंगरावरचं बर्फ पातळ होत चाललं, तरी पियानो काही बरा होईना.

"नवा घडवतोयस का रे?" लारूमावशी विचारायची.

मधल्या सुट्टीत तो गाडीपाशी जाऊन थर्मासमधली कॉफी प्यायचा. त्यांच्या पंथाला कॉफी वर्ज्य होती, देवाच्या घरात तर चालतच नव्हती. अंगणातही नाही, असं कोरलिननंच त्याला बजावलं होतं... आणि मग तो नीट फाटकाबाहेर उभा आहे की नाही, हे बघायला तीच दर मंगळवारी फाटकापर्यंत जायला लागली.

"तो घोड्यावरचा गिडियन हॅनाचा हात कधी धरणार?" एकदा त्यानं विचारलं.

"घाई काय आहे?"

"घाई मला नाही. बिचाऱ्याची दोनशे पानं झाली."

"आमच्या पुस्तकांत चुंबन शेवटच्या पानावर असतं."

"आणि तोवर काय करतात?"

"बटाटे सोलतात," कोरलिन म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. "हसू नका हं. मला आवडतात ही पुस्तकं. दिवसभर मी उबवणीच्या कारखान्यात टर्की कोंबड्यांची पिल्लं मोजते, आजारी पडलेली बाजूला काढते. संध्याकाळी मला असं काहीतरी हवं असतं, ज्यात कुणी शिव्या देत नाही, आणि चांगल्या माणसाचं शेवटी चांगलं होतं."

"चांगल्याचं होतं. आणि परक्याचं?"

"तो परका राहत नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात पाण्यात उतरतो, बाप्तिस्मा घेतो. शेवटच्या प्रकरणात मंदिरात लग्न. कायमचं, मेल्यानंतरही न तुटणारं. परक्याला त्या मंदिरात जाताच येत नाही."

"आणि नाहीच उतरला तर?"

"तर ते पुस्तक आमच्या पंथाच्या दुकानात ठेवत नाहीत," ती चेष्टेनं म्हणाली. पण तो हसला नाही.

"माझ्या बापानं आईसाठी धर्म बदलला होता," कपातली कॉफी हलवत तो हळूच म्हणाला. "जन्मभर चर्चमध्ये असा बसायचा, जणू गाडी चुकलीय आणि दुसरी येणार नाही. आईला ते दिसायचं, कोरलिन. रोज दिसायचं. मी... ते कुणाच्या पदरात घालणार नाही."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. आणि त्याच वाक्यात दारही लावून घेतलं होतं.

घरी लारूमावशीचा वेगळाच बेत चालला होता. "पोरगा गुणी आहे. आपल्या धर्मप्रचारक मुलांना सांगितलंय मी, त्याला गाठा म्हणून. ईस्टरपर्यंत पाण्यात बघ तो."

"मावशी, त्याला छळू नकोस."

"छळतेय कोण? तुला मंदिरात नवरी झालेली बघायचंय मला. तुझी आई गेली तेव्हा तिला शब्द दिलाय मी."

 मंदिरातलं लग्न कोरलिनलाही हवं होतं, सात वर्षांची असल्यापासून. तिशी उलटली होती, गावातल्या तिच्या बरोबरीच्या मुलींना चार-चार मुलं होती, तरी तिनं ते स्वप्न हातचं सोडलं नव्हतं. पण आता डोळे मिटले की मंदिराच्या पायऱ्यांवर एमेट दिसायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती गाडी चुकलेली असायची.

मग तो मंगळवार आला. जर्दाळू फुलले होते. पियानो खणखणीत वाजत होता, आणि त्यात आता काहीही बिघडवता येणार नाही हे एमेटलाही कळून चुकलं होतं. तो हत्यारं आवरत होता, फार सावकाश.

"वाच गं," आरडिथआजी डोळ्यांसाठी रुमाल तयार ठेवून म्हणाली. "नदीचं प्रकरण आलं."

कोरलिननं पान उलटलं. बायकांच्या नजरा गोधडीवरून उठून एकेक करत कोपऱ्यातल्या पाठीकडे गेल्या. ती पाठ ताठ झाली.

"'नदीवर सगळे जमले होते,'" ती वाचू लागली. "'गिडियन काठावर आला. त्यानं बूट काढले...'"

ती थांबली. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, ठसठशीत छापलेली. तिनं एक श्वास घेतला.

"'...आणि पुन्हा घातले. हॅना, तो म्हणाला, मला तू हवी आहेस. म्हणूनच तुझ्या देवाशी मला खोटं बोलता येत नाही. हॅना पाण्यातून काठाकडे निघाली. तिचा झगा चिंब झाला होता. ती म्हणाली... ती म्हणाली, मी माझी प्रार्थना सोडणार नाही, आणि तुझ्या तोंडात कोंबणारही नाही. तू काठावरच थांब. मी येते तिथं.'"

तिनं पुस्तक मिटलं. दालनात दोरा ओढल्याचाही आवाज नव्हता.

लारूमावशीनं चष्मा काढला. "मी दोनदा वाचलंय हे पुस्तक," ती म्हणाली. "हे मला आठवत नाही."

कोरलिनच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. मावशी तिच्याकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. मग तिनं नाक ओढलं, चष्मा पुन्हा चढवला.

"वय झालं माझं. आरडिथ, निळा दोरा दे."

कोरलिन उठून सरळ बाहेर गेली. फाटकापाशी पोचली तोच मागून पावलं आली.

"एक विचारायचं होतं." एमेटच्या हातात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती, वाचनालयाचा शिक्का मारलेली. "मला मंगळवारपर्यंत दम निघेना. मी आधीच संपवलं. यात गिडियन गळ्यापर्यंत पाण्यात उतरतो. काठावरच्या म्हाताऱ्या रडतात."

"...हो."

"मग तू धडधडीत खोटं वाचलंस. तेही देवाच्या घरात."

"हो."

"का?"

"तू ऐकत होतास म्हणून," ती म्हणाली. "मला वाईट वाटतंय, एमेट. मंदिराचं वाईट वाटतंय, आणि पुढेही वाटेल, ते लपवून काय करू? पण चुकलेल्या गाडीसारखा बसलेला नवरा मला नको. मला तू हवा आहेस, कॉफीचा वास येणारा. फाटकाबाहेरचा."

 त्यानं तिच्या केसांत अडकलेला निळ्या दोऱ्याचा तुकडा काढला आणि हात तिथंच राहू दिला.

"मी वचन देऊ शकत नाही," तो म्हणाला. "कशाचंच. तुझ्यावर जीव जडलाय, एवढंच खरं सांगू शकतो."

"आणखी मागितलंय कुणी?"

"रविवारी येऊ? पाण्यासाठी नाही. तुझ्या शेजारी बसायला."

"वेडा आहेस का? इथं मुलगा-मुलगी एका बाकावर बसले की बायका लग्नाच्या झग्याचं कापड बघायला लागतात!"

"बघू देत. मी येतो."

आणि तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. प्रार्थना सुरू व्हायची होती. तो मधल्या वाटेनं चालत आला तशी बाकाबाकांवरची कुजबुज विझत गेली. कोरलिनच्या कडेला तिचे वडील बसले होते, टर्कीखेरीज कशावरही न बोलणारे. एमेट बाकाशी थांबला. वडिलांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

आणि ते उठून पलीकडे जाऊन बसले. मध्ये एका माणसाची जागा झाली.

मागच्या बाकावरून लारूमावशी पुढे वाकली. तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचाच होता.

"गाणं तरी म्हण रे नीट. गाण्यासाठी काही पाण्यात उतरावं लागत नाही."

कोरलिननं गीतांचं पुस्तक उघडून अर्धं त्याच्यापुढे सरकवलं. एमेटनं त्याची बाजू धरली, आणि पहिल्याच ओळीला दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले.