बाकामागची भिंत

अस्तर

रंगारी कचेरीत आला आणि भाऊजींना टेबलाखाली जावंसं वाटलं.

वहिनी खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस. म्हणजे बॅग धरायची आणि सगळ्यांत शेवटी कळायचं. कचेरीत त्यांची खुर्ची ठरलेली होती, तिच्या पाठीवर कायम धुतलेला टॉवेल. दुसऱ्या कुठल्याच खुर्चीला टॉवेल नव्हता. भाऊजी तो आपला मान समजत.

"जुन्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंती माझ्याकडे आहेत," रंगारी म्हणाला. "खनिज रंग आहे, ताई. तो भिंतीवर बसत नाही, भिंतीत मुरतो. चुन्याशी एकजीव होतो, आणि भिंत श्वास घेत राहते. समोरची बाजू झाली, आणि दाराशेजारी चार ठिकाणी पोपडे सुटले. समिती म्हणते, मी त्यात स्वस्तातला प्लास्टिक रंग मिसळला. उद्या मला काढतायत. मग मला कुंपण रंगवायला तरी कोण बोलावणार?"

"मिसळला होता?"

"डॉक्टरला विचारता का हो, विष दिलंत का म्हणून?"

"विचारते."

रंगारी वरमला. "नाही मिसळला."

"मग हे समितीच्या डोक्यात आलं कुठून?"

"कुणीतरी वाचक बोलला म्हणे. नाव सांगत नाहीत."

भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले. बोलणारे तेच होते. संध्याकाळी वाचनालयात पेपर वाचणाऱ्या आपल्या चौघांच्या कंपूत, पलीकडच्या टेबलापर्यंत जाईल अशा आवाजात: यात नक्की प्लास्टिक घातलंय. पाहिलं काहीच नव्हतं. त्या दिवशी पेपरात काही नव्हतं, एवढंच.

पहिला हात

भिंत गेरूच्या रंगाची, उन्हात मऊ दिसणारी. दाराशेजारी मात्र ताटाएवढे चार उघडे डाग होते, एका ओळीत, वहिनींच्या छातीच्या उंचीवर. डावीकडून तिसरा इतरांपेक्षा थोडा वर आणि चांगला ऐसपैस. खाली फरशीत कसल्यातरी पायांनी पडलेल्या खाचा.

वहिनींनी एक पोपडा उचलला. पुढून गेरू, मागून पांढरा. त्याला पेटती काडी लावली. तो काळवंडला, पण आक्रसला नाही, वासही आला नाही.

"प्लास्टिक असतं तर गोळा झालं असतं," त्या म्हणाल्या.

भाऊजींचे कान तापले.

मग वहिनींनी कोपऱ्यापलीकडच्या न रंगवलेल्या भिंतीवर पाणी शिंपडलं. भिंतीनं ते गटकन पिऊन टाकलं. डागांवर शिंपडलं, तर थेंब मोत्यासारखे उभे राहिले आणि घरंगळले.

"आतून ओल असणार," रंगारी ठामपणे म्हणाला.

"ओली भिंत पाण्याला असं झिडकारत नाही."

दुसरा हात

ग्रंथपालबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला हा रंग आवडला नव्हता, सगळ्यांना माहीत आहे. पण न आवडलेली पुस्तकंसुद्धा मी फाडत नाही."

पहारेकरी मोकळा माणूस. "काम सुरू व्हायच्या आधी अध्यक्षसाहेब पाहुणे घेऊन येणार होते. वाचकांचा बिनपाठीचा बाक होता इथं, तो आत हलवला, तर मागे काळपट डाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मारला चुन्याचा एक हात."

"रंगाऱ्याला सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? भिंत चुन्याची, हात चुन्याचा."

समितीचे अध्यक्ष शेवटी भेटले. "आमच्या एका नेहमीच्या वाचकानं सांगितलं. सभ्य गृहस्थ आहेत." बोलताना त्यांनी खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे पाहिलं. फक्त भाऊजींकडे नाही.

वाळेपर्यंत

घरी जाताना भाऊजींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. वहिनींनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

खरवड

सकाळी सगळे भिंतीपाशी जमले. वहिनींनी आतला बाक आणवला आणि त्याचे पाय फरशीतल्या खाचांत बसवले.

"भाऊजी, तुमच्या जागेवर बसा. पेपर वाचा."

भाऊजी बसले. लोक बघत होते, अक्षरं नाचत होती. पान उलटलं आणि सवयीनं मान मागे गेली. डोकं टेकलं ते बरोबर तिसऱ्या डागावर.

कुणीतरी खुदकन हसलं.

"रंग खरा होता, ते काडीनं सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "खोट भिंतीत होती. ती पाणी घेत नव्हती, म्हणजे तिच्यात तेल मुरलेलं. कुणी ओतलं नाही. चार वाचक, चार डोकी, रोज टेकलेली. डोक्याच्या तेलानं भिंतीचा श्वास कोंडला. वर पडले काळे डाग, ते पहारेकऱ्यांनी लाजेपोटी चुन्याखाली झाकले. म्हणून रंगाऱ्यांना दिसले नाहीत. तेलावर चुना धरला नाही, आणि रंगाला घेऊन सुटला. म्हणून पोपडा मागून पांढरा."

"आणि हे तिसरं डोकं?" अध्यक्षांनी उगाच विचारलं.

"आमच्या घरचं आहे. त्याच्यासाठी मी खुर्चीवर टॉवेल टाकते."

भाऊजींना टॉवेल आत्ता कळला. इतकी वर्षं.

"म्हणजे काम माझ्याकडेच राहिलं?" रंगाऱ्यानं विचारलं.

"राहिलं," अध्यक्ष म्हणाले.

"पण मग प्लास्टिकचं बोललं कोण?"

अध्यक्ष बुटांकडे बघू लागले. वहिनींनी बॅगेची चेन लावली. "ते शोधायचं काम मला दिलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि बॅग भाऊजींकडे दिली नाही.

भाऊजी उठले. हसणारे अजून हसतच होते, तेलाच्या डोक्याला. तिथंच थांबता आलं असतं.

"मी बोललो," ते म्हणाले. "पाहिलं काहीच नव्हतं. उगाच बोललो."

हसू थांबलं. रंगाऱ्यानं तिसऱ्या डागावरून बोट फिरवलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही.

"तेल मुरलेला गिलावा खरवडावा लागेल," तो म्हणाला. "चारही ठिकाणी." मग त्यानं वाकून बाक भिंतीपासून चांगला हातभर पुढे ओढला.

"बसा आता."

भाऊजी बसले. मागे टेकायला काही नव्हतं.