काठावरची खाच

वाडग्याचा व्यास सतरा पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर आणि वजन सहाशे बारा ग्रॅम. भाजणी असमान, एका बाजूला माती विटकरी, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काळी. आतून, तळापासून काठापर्यंत गोल गोल चढत गेलेली कोरीव चिन्हांची एकच ओळ, जिचा अर्थ आजवर कुणाला लावता आलेला नाही. काठावर, अंगठा मावेल एवढ्या जागी, पांढऱ्या प्लास्टरचा भराव. तो भराव अकरा वर्षांपूर्वी मीच घातला होता आणि नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘काठाचा टवका उडालेला. दुरुस्त केला.’

मी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. शिक्षण भौतिकशास्त्राचे, काम जुन्या वस्तूंची दुखणी ओळखण्याचे. चेटकाची लाकडी बाहुली आणि न्यायाधीशाची लाकडी खुर्ची यांत मी भेद करत नाही; वाळवी दोघांनाही सारख्याच चवीने खाते. नव्या दालनाचा विषय ‘जादूटोण्याची सुरुवात’ असा ठरला, तेव्हाही माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच होता की तपासायच्या वस्तू चाळीस आहेत आणि आठवडे सहा.

त्या आठवड्यात माझे निम्मे लक्ष कामावर नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीला दहा आठवडे आधीच मुलगी झाली होती. वजन बाराशे साठ ग्रॅम. नवजात विभागातल्या काचेच्या पेटीत सोमवारी तिचा अकरावा दिवस होता. श्वास घ्यायची सवय तिच्या मेंदूला अजून लागलेली नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मधूनच ती श्वास घ्यायचे विसरत असे. वीस सेकंद झाले की यंत्र ओरडे, नर्स पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून तिच्या तळपायावर टिचकी मारी, आणि ती पुन्हा सुरू होई. हे थांबे कमी झाले नाहीत तर तिला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागणार होते, आणि तिच्या फुप्फुसांना ते सोसेल याची खात्री डॉक्टरांना नव्हती.

पेटीला अडकवलेल्या तक्त्यावर प्रत्येक थांब्याची वेळ लिहिलेली असे. दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सहा, अशा भेटीच्या दोन्ही वेळांना मी ते आकडे वहीत उतरवून घेत असे. सोमवारचे थांबे नऊ, सर्वांत मोठा चोवीस सेकंदांचा.

“दादा, तू हे लिहितोस त्याने काय होतं रे?” बहिणीने विचारले.

“काही होत नाही.”

“मग लिही. निदान कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं.”

वाडग्याबद्दलची शंका मंगळवारी सकाळी काढली ती संग्रहपाल बाईंनी. बाई निवृत्तीला आलेल्या. अवघे संग्रहालय त्यांना नुसतेच ‘बाई’ म्हणते आणि त्या मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मोजायचे उपकरण माझ्याकडे नाही.

“शास्त्रज्ञ, याची पाटी मला खोटी वाटते,” त्या म्हणाल्या. पाटीवर होते : ‘दुष्ट शक्ती कोंडण्याचे भांडे. घराच्या उंबरठ्याखाली पालथे पुरलेले आढळले.’

“कशावरून?”

“सगळ्यात जुने लिहिलेले मंत्र काढून बघ. विंचू चावलाय, दात ठणकतोय, पोर रडायचं थांबत नाहीये. भुतंखेतं आहेत त्यात, पण आजाराला नाव हवं म्हणून. ज्या बाईला लोकांनी पुढे चेटकीण म्हणून नदीत ढकललं ना, तिच्याच दारात आदल्या वर्षी तेच लोक तापलेलं पोर घेऊन उभे होते. जादू काही स्मशानात जन्मली नाही रे. बाळंतिणीच्या खोलीत जन्मली.”

“हे झालं मत. पुरावा?”

“पुरावा तू प्लास्टरखाली गाडलायस. काढ तो भराव.”

“बाई, तो टवका आहे. मी स्वतः—”

“तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी काढ, मग वाद घाल.”

कोमट पाण्यात भिजवलेला कापूस आणि लाकडी काडी यांनी भराव निघायला दोन तास लागले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले त्यात वादाला जागा नव्हती. तुटलेल्या मातीची कड खरखरीत असते. ही गुळगुळीत होती. भाजण्याआधी, ओल्या मातीत कुणीतरी मुद्दाम खाच पाडली होती आणि मग तिच्यावरून बोट फिरवले होते. बोटाच्या टोकाच्या रेषा अजून स्पष्ट होत्या.

बाईंनी भिंगातून डोळा काढला. “कोंडायचंच असतं, तर हवेला वाट कशाला ठेवली असती?” जराशाने त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं तू दारच लिंपून टाकलं होतंस.”

जुन्या नोंदीवर रेघ मारून मी चूक मान्य केली आणि तारीख घातली. सुरक्षिततेसाठी ओला वाडगा स्वच्छ काचेवर पालथा ठेवला. तेव्हा अकरा चाळीस झाले होते. कागदपत्रांनुसार, संग्रहालयात आल्यापासून तो पहिल्यांदाच पालथा होत होता; आतली चिन्हे लोकांना दिसावीत म्हणून आम्ही तो कायम उताणा मांडत आलो होतो.

त्या दिवशी दुपारची भेट बहिणीच्या नवऱ्याची होती, म्हणून मी प्रयोगशाळेतच जेवलो. तीनच्या सुमारास खाचेसमोरच्या काचेवर नखाएवढे धुके दिसले. ओल्या मातीतून वाफ येते, थंड काचेवर ती जमते. यात नवल नव्हते. मी वहीकडे वळलो. पुन्हा पाहिले तेव्हा धुके नव्हते. मग होते. मग नव्हते.

मी खुर्ची ओढून बसलो. ते येत-जात होते, आणि एका ठेक्यात.

केसाहून बारीक अशी तापमापक तार मी खाचेत बसवली आणि सेकंदाला दहा नोंदी घेऊ लागलो. पडद्यावर लाटा उमटल्या. लहान, पण नियमित. वातानुकूलन बंद केले, लाटा राहिल्या. तार बदलली, राहिल्या. वाडगा काचेसकट उचलून तळघरातल्या दगडी ओट्यावर नेला, तिथेही राहिल्या. त्याच आकाराचा दुसरा वाडगा तसाच भिजवून, खाचेएवढी फट राहावी म्हणून त्याला लाकडी पट्टीचा आधार देऊन शेजारी पालथा ठेवला. त्याची रेघ सपाट आली.

मिनिटाला चव्वेचाळीस लाटा. हा आकडा माझ्या ओळखीचा होता. तो मी रोज बाळाच्या पेटीशेजारच्या लहान पडद्यावर हिरव्या अक्षरांत पाहत होतो.

पाच वाजता रुग्णालयात गेलो. तक्त्यावरचा शेवटचा थांबा अकरा सव्वीसचा होता. त्यानंतर जागा कोरी होती.

“आज दुपारपासून शहाण्यासारखी वागतेय हो तुमची चिमणी,” नर्स म्हणाली. “माझ्या टिचकीला घाबरली बहुतेक.”

बहीण हसली नाही. हसले तर दृष्ट लागेल, अशा बेताने तिने ओठ मिटून घेतले होते.

बुधवारी सकाळी यंत्राने आपोआप घेतलेल्या नोंदी तपासल्या. लाटा अखंड नव्हत्या. मंगळवार दुपारपासून त्या आठ वेळा थांबल्या होत्या. सर्वांत मोठा थांबा सव्वीस सेकंदांचा. त्याच काळात तक्त्यावरचे थांबे शून्य, असे बहिणीने फोनवर सांगितले. दोन्ही आकडे मी शेजारी शेजारी लिहिले. बेरीज नेहमीच्या आकड्याच्या आसपास येत होती. बेरीज करणे हा गुन्हा नाही. एवढ्याशा आकड्यांवरून निष्कर्ष काढणे हा आहे.

खरे-खोटे करण्याचा प्रयोग साधा होता : वाडगा उताणा करायचा आणि वाट पाहायची. मी तो केला नाही. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, तिची परीक्षा घेण्याचे धाडस मला झाले नाही. विज्ञानात या अवस्थेला नाव नाही, घराघरांत असावे.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मी पेटीपाशी होतो. बहीण झरोक्यातून हात घालून बसली होती. तिच्या करंगळीभोवती पाच बोटे मिटलेली होती, प्रत्येक तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे.

“बघ ना, कशी घट्ट धरते,” ती म्हणाली. “तुझ्यासारखीच आहे. एकदा धरलं की सोडायचं नाही.”

“मी कुठे असा आहे?”

“हो, आणि वर वादही घालायचा.”

बारा एकतीसला छातीची हालचाल थांबली.

वीस सेकंदांनी यंत्र ओरडले. नर्स आली, टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पाठीवरून बोटे फिरवली.

“चला बाळा,” ती म्हणाली. आवाजात गंमत नव्हती.

पंचवीस. सव्वीस.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि मला आठवले. वाडग्याचे छायाचित्रण. गुरुवार, साडेबारा. ती वेळ दोन आठवड्यांपूर्वी मीच ठरवली होती.

मी बाहेरच्या व्हरांड्यात गेलो. मधली भिंत काचेची होती. बाईंनी फोन लगेच उचलला.

“बाई, वाडगा कुठे आहे?”

“हातातच आहे माझ्या. आतली चिन्हं काय सुरेख दिसतायत या उजेडात—”

“पालथा घाला.”

“अरे, फोटो—”

“आधी पालथा घाला. पाया पडतो तुमच्या.”

आयुष्यात मी कुणाला असे म्हणालो नव्हतो.

काचेपलीकडे नर्सने श्वास द्यायचा चिमुकला मुखवटा उचलला.

सेहेचाळीस. सत्तेचाळीस.

फोनमधून माती काचेला टेकल्याचा आवाज आला. लहानसा, कोरडा.

छाती वर आली.

त्याच क्षणी नर्सने मुखवट्याची पिशवी दाबली होती. या घटनेचे साधे स्पष्टीकरण उपलब्ध आहे, आणि मी ते नाकारत नाही.

दुपारी प्रयोगशाळेत परतलो तेव्हा बाई माझ्या खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत होत्या. लाटा चालू होत्या.

“मी उताणा केला तेव्हा ही रेघ सपाट झाली होती,” त्या म्हणाल्या. “काय मोजतोयस?”

“आर्द्रता.”

“आर्द्रता,” त्यांनी शब्द चघळून पाहिला. “घरचं कुणी आजारी आहे का रे?”

“आता बरं आहे.”

बाईंनी टेबलावरचे कार्ड घेऊन त्यावर ‘हलवू नये’ असे लिहिले आणि काचेला टेकवून ठेवले.

चिमणीचे वजन वाढत गेले. वाडग्यातले थांबेही महिन्याभरात कमी होत होत संपले. तेहेतिसाव्या दिवशी बहीण तिला घरी घेऊन गेली. पायऱ्या उतरताना इतकी बेफाम हसली की वॉर्डातल्या नर्सेस खिडकीत आल्या. नव्या दालनात वाडगा पालथा मांडला आहे, खाच समोर. पालथे भांडे बघायला कोण येणार, असे संचालकांनी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या की झोपलेल्या बाळालाही बघायला लोक येतातच. पाटी त्यांनी निवृत्त होण्याआधी स्वतः लिहिली : ‘सांभाळण्याचे भांडे.’

मी यावर शोधनिबंध लिहिलेला नाही. एका घटनेवरून निबंध होत नाही, आणि दुसरी घटना घडवून आणायची माझी तयारी नाही. तार मात्र खाचेत अजून आहे. कागदोपत्री ती दालनातल्या काचपेटीतल्या हवेवर लक्ष ठेवते. चव्वेचाळीस लाटांच्या वर्षभराने चौतीस झाल्या, आणि आता चार वर्षांनी त्या मिनिटाला चोवीस आहेत. बालरोगाच्या पुस्तकातला वयानुसार श्वासगतीचा तक्ता मी उघडलाच नाही, असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. उघडला. जुळतो.

गेल्या रविवारी बहीण चिमणीला संग्रहालय दाखवायला घेऊन आली. चार वर्षांची, गुबगुबीत, अखंड बडबड. बाहुली तिला आवडली नाही, खुर्चीवर बसू दिले नाही म्हणून ती रुसली. वाडग्यासमोर मात्र ती गप्प उभी राहिली. मग तिने गाल फुगवले, नाक चिमटीत धरले आणि माझ्याकडे मिश्कीलपणे पाहत राहिली.

सवयीने मी घड्याळ पाहिले.

“पुरे गं बाई,” बहीण म्हणाली. “सोड श्वास. लाल होशील!”

ती लाल झाली नव्हती. तिचे डोळे शांत होते. बहिणीने तिचा हात ओढला तेव्हा सत्तर सेकंद झाले होते. तिने नाक सोडले. धाप लागली नाही, खोकलाही आला नाही.

“मी नाही घेतला तरी चालतं, मामा,” ती म्हणाली, आणि आईचा हात सोडवून पुढच्या दालनात पळाली.

त्या दोघी गेल्यावर मी नोंदी उघडल्या. सत्तर सेकंदांत अठ्ठावीस लाटा यायला हव्या होत्या. मी तीनदा मोजल्या. छप्पन्न होत्या, नेहमीच्या अठ्ठावीस आणि तिने न घेतलेल्या अठ्ठावीस.