मिनूच्या पोटातला टोपीवाला

“उपमा ही काय चपलेत ठेवायची वस्तू आहे?”

पलंगाखालून कुरकुर ऐकू आली आणि मिनूने डोळे घट्ट मिटून घेतले. कुरकुरत होती टिचकी, बालरुग्णालयातली गुडघ्याएवढी यंत्रपरिचारिका (माणसांची शुश्रूषा करणारं यंत्र). २०४६ साल उजाडलं, तरी पलंगाखालचा केर काही कुणाला चुकला नव्हता.

उपमा मिनूनेच लपवला होता. नऊ वर्षांच्या मिनूला महिनाभर सारखी तहान लागत होती, रात्री चारचारदा उठावं लागत होतं आणि फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता. घरात आधी जंतांचं औषध झालं, मग वावडिंगाचा काढा. काढा पाजताना आई म्हणाली होती, “चोरून गोड खाल्लं की होतात जंत.” आता, शेजारच्या बारशाच्या पेढ्यांचा अख्खा पुडा मिनूने माळ्यावर बसून संपवला होता, हे आईला ठाऊक नव्हतं. मिनूला होतं.

इथे आल्यापासून रोज सुया. कशासाठी, ते कुणी सांगेना. बाबा फोनवर ‘जरा कमीजास्त आहे’ म्हणायचे. आई डॉक्टरांशी बोलताना नुसतं ‘ते’ म्हणायची. टिचकीला तर तिने विनवून ठेवलं होतं, पोरीसमोर नाव काढू नकोस.

काल साकुमा आजोबांनी मिनूचा वेळ जावा म्हणून तिला चित्रं दाखवली. हे आजोबा जपानहून इथे संशोधनासाठी आलेले शास्त्रज्ञ. बारा वर्षांत मराठीच काय, भाकरी थापायलाही शिकलेले. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे वैद्य मानायचे, की शरीरात राहणारे मुशी (किडे) माणसाला आजारी पाडतात. त्यांनी या किड्यांची चित्रंही काढून ठेवली होती. एक घोड्यासारखा, एक तेलकटाचा हावरा, एक तर चक्क टोपीवाला. आणि उपाय? सुई टोचायची.

सुई! मिनूला सगळा उलगडा झाला. टोपीवाला तिच्या पेढ्यांवर पोसला होता. म्हणून आज सकाळची सुई टोचून झाल्यावर तिने ठरवलं, याला आता उपाशी मारायचं.

पण आता तिचेच हात थरथरत होते. कपाळ घामाने ओलं झालं होतं आणि एका टिचकीच्या दोन दिसत होत्या. टिचकीने मिनूच्या दंडावरची चकती (रक्तातली साखर मोजणारी) वाचली आणि कुरकुर एकदम थांबवली. तेच जास्त भीतीचं होतं. लगेच साखरेच्या पाण्याचा पेला पुढे आला. मिनूने दात आवळले. आई धावत आली, मागोमाग साकुमा आजोबा.

“तो मोठा होईल,” मिनू दातांतून म्हणाली.

“कोण?”

“टोपीवाला. मी पेढे खाल्ले म्हणून आलाय.”

आजोबांचा चेहरा उतरला. कालची चित्रं कुठे जाऊन पोचली, ते त्यांना कळलं. पेला हातात घेऊन ते तिच्याजवळ बसले. “तुझ्या सगळ्या तपासण्या मी स्वतः पाहिल्यात, मिनू. आत कुणी नाही. जंत नाहीत, टोपीवाला नाही. आधी पी. मग माझ्याशी भांड.”

ती प्यायली. पंधरा मिनिटांनी टिचकी पुन्हा एक झाली आणि तिने मिनूला थोडा गरम उपमा भरवला. या वेळी वाटीतून.

“आत कुणी नाही, तर मी आजारी का?” मिनूने विचारलं.

आजोबांनी सांगितलं ते असं. शरीर म्हणजे मोठी सोसायटी. आपण जेवतो त्याची साखर होते आणि रक्तातून घरोघरी, म्हणजे पेशींकडे (शरीराचे सूक्ष्म घटक) पोचते. तिला दार उघडून देतं इन्शुलिन. ते तयार होतं स्वादुपिंडात (जठरामागची एक ग्रंथी). सोसायटीला वॉचमनही असतात. ते रोगजंतूंना हाकलतात. मिनूच्या वॉचमननी घोटाळा केला. त्यांनी इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींनाच चोर समजून झोडपलं. मग साखर जिन्यात, म्हणजे रक्तातच, साठली आणि घरं उपाशी राहिली. सुईतून जातं ते बाहेरून आणलेलं इन्शुलिन. ते आत गेलं आणि आपण जेवलोच नाही, तर जिन्यातली साखरही संपते. मेंदू उपाशी पडतो आणि हात थरथरतात.

“वॉचमन असं का वागले?”

“ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. पण पेढ्यांमुळे नाही, एवढं नक्की.”

आजोबांच्या प्रयोगशाळेत नव्या पेशी वाढत होत्या. वॉचमनचा हात पोचू नये म्हणून त्यांना बारीक जाळीत गुंडाळायचं चाललं होतं. कधी जमेल, ते आजोबांनाही सांगता येईना.

“तोवर सुई? म्हणजे किती दिवस?”

टिचकीने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे.

“आमचे वैद्य किड्यांबाबत चुकले,” आजोबा हळूच म्हणाले, मिनूला नाही, आईला. “पण भीती वाटायची त्याला त्यांनी चेहरा दिला, नाव दिलं. म्हणून तर पुढच्यांना ते तपासता आलं. आपण तेवढंही केलं नाही.”

आई पलंगावर येऊन बसली. मिनूच्या दंडावरची चकती तिने उगाच नीट केली.

“मधुमेह,” ती म्हणाली. “याला मधुमेह म्हणतात, मिनू. जंतांचं मी उगाच बोलले. तुझी काही चूक नाही. रोज सुई घ्यायची आणि सुई घेतली की जेवायचं. आजोबांच्या पेशी येईपर्यंत. नाही आल्या, तर जन्मभर.”