उंबरठ्यावरून दिसणारी दरी

सातमजली इमारत पापणी लवायच्या आत नाहीशी झाली. तिच्या जागी मागचा काळा कडा दिसू लागला, करवंदीच्या जाळ्यांसकट.

"अगं बाई!" शर्वाणी घैसासच्या तोंडून निघालं. ती प्रकाशशास्त्राची संशोधक. कोळेखिंड गावाच्या नियोजन समितीने तिला परीक्षक नेमलं होतं. आज तिने होकार दिला, की दरीत अशा चाळीस इमारती उठणार होत्या.

"वळणलेप!" इमारती बांधणाऱ्या कंपनीचे अभियंता देवदत्त करमरकर खुशीत म्हणाले. "ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं, तसा हा लेप प्रत्येक किरण इमारतीभोवतून वळवतो आणि पलीकडे मूळ दिशेने सोडतो. तुमचा नियम काय? गावातून दिसणारं दरीचं दृश्य बदलू नये. बदललं?"

"अहो, दिसत नाही म्हणजे नाहीच का?" सरपंच विश्राम ढेबे चिडले. "मॅडम, तुम्ही तरी बोला!"

शर्वाणीने दृश्यमापक तपासला. इमारत बांधण्यापूर्वीच्या दृश्यात आणि आताच्या दृश्यात काडीचा फरक नव्हता.

"मंजुरी द्यावीच लागेल, ढेबेकाका."

ढेबे मटकन दगडावर बसले.

"पण आधी सॅम्पल फ्लॅट बघू या," ती म्हणाली. तिला आता धीर धरवत नव्हता. "लेप चालू ठेवून!"

भुयारी वाटेने आत शिरून ते लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले. शर्वाणीने बाल्कनीचा पडदा सर्रकन ओढला. काचेपलीकडे मिट्ट काळोख होता, भर दुपारी.

"दरी कुठं गेली?" ढेबेंनी विचारलं.

"वळसा घालून गेली, काका! प्रकाश आत आलाच नाही, तर दिसणार काय?"

करमरकर हसले. "म्हणून तर बाल्कन्यांवरचा लेप काढणार आहोत. दृश्य जिथून राखायचं, असा गावाचा एखादा पॉइंट असतोच. बाल्कन्या त्याच्याकडे पाठ करून ठेवायच्या. तुमचा पॉइंट कुठला?"

"पॉइंट नाही हो," ढेबे म्हणाले. "नियमाचा नकाशा करताना कोणी ऐकेचना. जो तो म्हणे, माझ्या दारातून दिसतं ते राखा. दोन महिने भांडलो आणि शेवटी दरीतल्या प्रत्येक घराचा उंबरठा नकाशात घातला."

"प्रत्येक?" करमरकरांचं हसू मावळलं.

"आणि किरणाला जायची वाट तीच यायची वाट," शर्वाणी जवळजवळ ओरडलीच. "बाल्कनीतून उंबरठा दिसला, की उंबरठ्यावरून बाल्कनी दिसणार! कड्याकडे घरं नाहीत, पण तिकडे तोंड केलं, तर कड्याचा प्रकाश बाल्कनीतच अडेल आणि गावाला काळा डाग दिसेल. मंजुरी देते मी, लेप पूर्ण आणि कायम चालू ठेवायच्या अटीवर."

"काळ्या खिडक्यांचे फ्लॅट घेणार कोण?" करमरकर पुटपुटले आणि त्यांनी बाल्कनीवरच्या लेपाचा खटका बंद केला.

दरी एकदम आत आली. ऊन, हिरवे उतार, दोन्ही अंगांना विखुरलेली कौलारू घरं. समोरच्या उतारावर एक बाई दारात बसून तांदूळ पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं. मग तिने हात उचलून थेट त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"आमची सूनबाई," ढेबे खूश होऊन म्हणाले. "दिसलात तुम्ही तिला!"